कंस एडिटरला मोजू द्या

प्रश्न : ताई, मी डोंबिवली पूर्वेला राहतो. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं, आता ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॅडवर बसतो. आमच्याकडे एक जुनी लिस्प आहे. खोलीच्या पॉलीलाइनवर क्लिक करायचं, मग जागा दाखवायची, की तिथं क्षेत्रफळ चौरस फुटात लिहिलं जातं. ती लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला. सर म्हणाले, चौरस मीटरही यायला हवेत, बघ जमतंय का. मी फाइल नोटपॅडमध्ये उघडली, एक ओळ वाढवली, लोड केली, तर 'एरर : मालफॉर्म्ड लिस्ट ऑन इनपुट'. दोन दिवस कंस मोजतोय. एक मित्र म्हणतो ईमॅक्स घे, दुसरा म्हणतो व्हीएस कोड. लिस्पसाठी एडिटर कोणता आणि तो लावायचा कसा? मला जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास मिळतो. बाकी वाचन लोकलमध्ये, मोबाइलवर.

उत्तर : आधी तुमची फाइल ताळ्यावर आणू, एडिटरचं नंतर बघू.

फाइल संपली तरी एक कंस उघडाच राहिला, एवढंच तो संदेश सांगतोय. लिस्प वाचणाऱ्या यंत्राला उघडणारा कंस दिसला की ते त्याच्या जोडीदाराची वाट पाहू लागतं. तुम्ही तिसऱ्या ओळीत कंस विसरलात तरी तिथं त्याला काही वावगं वाटत नाही, कारण जोडीदार पुढं कुठंही येऊ शकतो. तो आलाच नाही हे त्याला फाइलचं शेवटचं अक्षर वाचून झाल्यावर कळतं. म्हणून त्या संदेशात ओळीचा आकडा नसतो. उलट एखादा कंस जास्त झाला तर 'एक्स्ट्रा राइट पॅरेन ऑन इनपुट' असं येतं. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं तर 'मालफॉर्म्ड स्ट्रिंग'. तिन्ही तक्रारी वाचण्याच्या टप्प्यावरच्या आहेत. तुमचं गणित बरोबर की चूक, इथवर यंत्र पोचलेलंच नाही.

दोन दिवस मोजून तुम्हाला किती कंस कमी आहेत ते कळलं असेल. कुठं, ते मोजून कधीच कळत नाही. मी सुरुवातीला ठाण्यात ड्राफ्टिंग करत होते तेव्हा प्रिंट काढून दोन रंगांच्या पेन्सिलींनी जोड्या लावायचे, त्यामुळे तुमची तगमग मला नेमकी माहीत आहे. सोपा उपाय असा. ऑटोकॅडमध्ये व्हीलाइड अशी कमांड द्या. तुमची आवृत्ती २०२० किंवा त्याआधीची असेल तर ऑटोकॅडसोबत येणारा व्हिज्युअल लिस्पचा एडिटर उघडेल. त्यात फाइल उघडा. प्रत्येक 'डीफन'च्या आधी जो कंस आहे त्याच्या किंचित डावीकडे डबल क्लिक करा. जोडी पूर्ण असेल तर ते अख्खं फंक्शन निवडलं जाऊन निळं होईल. ज्या डीफनच्या कंसाला जोडीदार सापडत नाही, गडबड त्याच्या आत आहे. मग आत शिरा, आतल्या कंसांवर तेच करा. पाच मिनिटांत सापडेल. बहुतेक तुम्ही वाढवलेल्या ओळीतच असेल, कारण आकड्याचा मजकूर करणारं 'आरटॉस', त्याच्या पोटात गुणाकार, आणि दोन्ही मजकूर जोडणारं 'स्ट्रकॅट', असे तीन कंस एकापाठोपाठ बंद करायचे असतात आणि तिसरा हातून सुटतो.

आता मूळ प्रश्न. लिस्पसाठी एडिटर लावायचा म्हणजे रंगीत अक्षरांचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं, असं बहुतेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. एडिटरकडून दोनच कामं हवीत. कंसांचा हिशोब त्याने ठेवायचा, आणि तुम्ही आत्ता लिहिलेली एवढीशी ओळ चालू असलेल्या प्रोग्रॅमकडे पाठवून तिथल्या तिथं उत्तर आणायचं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि नोटपॅडवाल्या पद्धतीत ते सबंध हरवतं. फाइल लिहा, सेव्ह करा, अॅपलोडमधून लोड करा, कमांड चालवा, चुकली की परत नोटपॅड. एका शब्दाच्या चुकीसाठी पाच ठिकाणी हिंडायचं. लिस्प अशी वापरण्यासाठी बनलेली नाही.

करून बघा. ऑटोकॅडमध्ये कुठलीही कमांड चालू नसताना खालच्या ओळीत (+ २ ३) लिहा आणि एंटर मारा. (इथं छपाईसाठी आकडे आणि शब्द देवनागरीत दिलेत, यंत्रावर इंग्रजीतच टाइप करायचे.) ५ येईल. एरवी ऑटोकॅडमध्ये स्पेसबार म्हणजेच एंटर, पण कंस उघडल्याबरोबर स्पेस ही नुसती स्पेस होते, हे लक्षात आलं का? त्या क्षणी तुम्ही कॅडच्या कमांडमधून लिस्पमध्ये गेलेले असता. आता (* ३.५ ४.२) द्या. साडेतीन बाय चार पॉइंट दोनची खोली, १४.७ चौरस मीटर. त्यालाच बाहेरून गुंडाळा : (* १०.७६४ (* ३.५ ४.२)), उत्तर १५८.२३१ चौरस फूट. आणि हे मुद्दाम करा : (/ ७ २). उत्तर ३ येतं, साडेतीन नाही, कारण दोन्ही पूर्णांक दिले तर ऑटोलिस्प अपूर्णांक टाकून देते. (/ ७ २.०) दिलं की ३.५. पुस्तकात हा नियम वाचून विसरायला होतं. स्वतः विचारून उत्तर आलं की विसरत नाही. एखादा कंस लावायचा राहिला तर खालच्या ओळीत (_> असं चिन्ह दिसतं, दोन राहिले तर ((_>. ऑटोकॅड सांगतं, अजून इतके येणं बाकी आहेत.

म्हणजे तुम्ही ज्या खिडकीसमोर रोज आठ तास बसता तिच्यात एक लिस्प कायम जागी असते. वाचायचं, हिशोब करायचा, उत्तर छापायचं, पुन्हा वाचायला बसायचं, असं तिचं अखंड चक्र. जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत १९५८ साली लिस्पचं काम सुरू केलं तेव्हा हिशोब करणारा भाग त्यांनी कागदावर, सिद्धांत म्हणून मांडला होता. त्यांचा सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाला, हे तर यंत्रावर चालवता येईल, आणि त्याने ते आयबीएम ७०४ या संगणकासाठी लिहून काढलं. तुमच्या फाइलीत 'एंटसेल'च्या आधी जो 'कार' शब्द दिसतो ना, यादीतला पहिला घटक काढणारा, त्याचं नावही त्याच यंत्राच्या शब्दरचनेतून आलंय. १९८६ मध्ये ऑटोडेस्कने डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पवरून घेतलेली छोटी लिस्प ऑटोकॅडमध्ये बसवली, तीच ऑटोलिस्प. जगात लिस्प चालवणारी सगळ्यात मोठी जमात प्रोग्रॅमरांची नसून ड्राफ्ट्समनची असावी, असं मला नेहमी वाटत आलंय. वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी, कल्याणातली बिल्डरांची ऑफिसं, कुठंही जा, कोणी तरी 'लिस्प टाकली का?' असं विचारत असतंच.

तर आता मांडणी. अर्ध्या स्क्रीनवर ड्रॉइंग, अर्ध्यावर एडिटर. एकाला झाकून दुसरा नको, दोन्ही एकदम दिसले पाहिजेत. ड्रॉइंग तुमचं खरं नको, एक रिकामं घ्या आणि त्यात मिलिमीटरमध्ये ३५०० बाय ४२०० ची एक बंद पॉलीलाइन काढा. जुन्या एडिटरमध्ये खाली एक कन्सोल असतो, त्यात _$ असं चिन्ह तुमची वाट पाहत असतं. वर तुमची फाइल, खाली कन्सोल. अंगभूत शब्द निळे दिसतात, कंस लाल, तुम्ही स्वतः ठेवलेली नावं काळी. हे रंग शोभेचे नाहीत. 'सेटक्यू' लिहिताना एक अक्षर चुकलं तर तो शब्द निळा न होता काळा राहतो, आणि चालवण्याआधीच चूक दिसते.

आता फाइल एका दमात लिहू नका. पहिली ओळ फक्त एवढी : 'एंटसेल'ने विचार, 'कार'ने त्यातली वस्तू घे, आणि 'सेटक्यू'ने तिला एक नाव दे. तेवढाच कंस निवडा आणि टूल्स मेनूतून लोड सिलेक्शन करा. ऑटोकॅड पुढं येऊन वस्तू निवडायला सांगेल, पॉलीलाइनवर क्लिक करा. आता ती वस्तू त्या नावाखाली धरलेली आहे आणि तुम्ही ड्रॉइंग बंद करेपर्यंत तशीच राहील. दुसरी ओळ : 'व्हीएलएएक्स-कर्व्ह-गेटएरिया'ला ते नाव द्या. त्याआधी एकदा 'व्हीएल-लोड-कॉम' चालवलेलं असावं लागतं, नाहीतर ते फंक्शन सापडत नाही. पुन्हा तेवढाच कंस लोड करा. कन्सोलमध्ये १.४७ई+०७ असं काहीतरी येईल. घाबरू नका, ते एक कोटी सत्तेचाळीस लाख चौरस मिलिमीटर आहेत, यंत्राने थोडक्यात लिहिलेत. त्याला १००००००.० ने भागा. १४.७.

थांबा आणि बघा काय झालं. तीन ओळी झाल्या, प्रत्येक ओळीचं उत्तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, आणि वस्तू पुन्हा पुन्हा निवडावी लागली नाही, कारण ती सेशनमध्ये जिवंत होती. 'आरटॉस'शी खेळायचं असेल तर फक्त तोच कंस बदलून पुन्हा पाठवायचा. दोन दशांश मागितले तरी १४.७० न येता १४.७ येतंय का? मग तुमच्या ड्रॉइंगमधलं डिमझिन शेवटची शून्यं खातंय. ही गोष्ट कुठल्याही ट्यूटोरियलच्या पहिल्या पानावर नसते, पण सबमिशनच्या एरिया स्टेटमेंटमध्ये आकडे एकाखाली एक लागेनात की हीच सापडते. सगळे कंस एकेक करून बरोबर चालले, की मग त्यांच्याभोवती 'डीफन सी:' चं शेवटचं आवरण घालायचं आणि त्याची कमांड करायची. आवरण शेवटी. नवीन माणूस ते पहिल्यांदा घालतो आणि मग आत काय बिघडलं ते त्याला दिसेनासं होतं.

तुमच्याकडे २०२१ किंवा त्यानंतरचं ऑटोकॅड असेल तर चित्र थोडं निराळं आहे. तिथं लिस्पसिस नावाचं एक सिस्टिम व्हेरिएबल आहे. त्याची किंमत १ असेल तर व्हीलाइड दिल्यावर व्हीएस कोड उघडतं, ० केली तर जुना एडिटर. बदलल्यावर ऑटोकॅड बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. व्हीएस कोड फुकट आहे. त्यात ऑटोडेस्कचंच ऑटोकॅड ऑटोलिस्प एक्स्टेंशन टाकायचं, फाइल उघडी ठेवून एफ५ दाबायचं, की ती चालू ऑटोकॅडमध्ये लोड होते. कंसांच्या जोड्यांना वेगवेगळे रंग देण्याची सोय व्हीएस कोडमध्ये २०२१ पासून अंगचीच आहे. लिस्पसिस १ असताना फाइल युनिकोडमध्ये सांभाळली जाते, त्यामुळे मराठीत टीपा आणि मराठी मजकूरही लिहिता येतो. जुन्या एडिटरमध्ये देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. एक-एक कंस पाठवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग मात्र साधाच आहे : कंस निवडा, कॉपी करा, ऑटोकॅडच्या कमांड ओळीत पेस्ट करा. दहा ओळींचा कंस असला तरी चालतो. ऑटोकॅड एलटी वापरत असाल तर २०२४ च्या आवृत्तीपासून त्यातही लिस्प चालते, तिथंही हीच युक्ती.

तुमच्यासाठी माझा कौल द्यायचा तर, जुनं ऑटोकॅड असेल तर जुनाच एडिटर, तक्रार न करता. नवीन असेल तर व्हीएस कोड. ईमॅक्स हा फार सुंदर एडिटर आहे, मी हा मजकूरही त्यातच लिहितेय, पण तो ऑटोकॅडशी आपणहून बोलत नाही. जेवणाच्या अर्ध्या तासात आधी ईमॅक्सच्या कळा शिकायच्या आणि मग लिस्प, यात तुमची उमेद दोन आठवड्यांत संपेल. तुम्हाला सरांचं काम करून द्यायचंय.

दोन धोके सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पहिला मला स्वतःला नडलेला. डीफनच्या कंसात तिरप्या रेघेनंतर जी नावं लिहितात ती त्या फंक्शनपुरती राहतात. तिथं न लिहिलेली नावं अख्ख्या ड्रॉइंगभर पसरतात. एकेक कंस चालवून बघताना हे पसरणं तुमच्या फायद्याचं असतं, पण काम झालं की सगळी नावं रेघेनंतर नेऊन ठेवायची. त्याहून वाईट ओस्नॅपचं. लिस्पमधून 'कमांड' वापरून रेघ काढताना ओस्नॅप चालू असेल तर दिलेला बिंदू शेजारच्या कोपऱ्याला जाऊन चिकटतो, म्हणून सगळेच ओसमोड आधी ० करतात आणि शेवटी परत लावतात. एका ऑफिसात मी असंच लिहिलं होतं. मध्येच कोणी एस्केप दाबलं की शेवटची ओळ चालायचीच नाही आणि ओस्नॅप बंदच राहायचा. शेजारच्या टेबलवरच्या सहकारिणीने तशा अवस्थेत एका विंगचा अख्खा मजला काढला. भिंती दिसायला जुळलेल्या, पण कोपऱ्यांत केसभर फटी. पॉलीलाइन बंद होईनात, क्षेत्रफळं येईनात. ते सगळं पुन्हा काढताना तिच्याजवळ बसून राहण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. तेव्हापासून प्रत्येक कमांडमध्ये मी स्वतःचं '*एरर*' फंक्शन ठेवते, एस्केप दाबलं तरी ते चालतं आणि सगळं पूर्ववत करतं. तुमच्या ऑफिसातल्या जुन्या लिस्पमध्ये ते आहे का, हे आजच बघा.

दुसरा धोका बाहेरून येणारा. अकॅडडॉक नावाची लिस्प फाइल सापडली की ऑटोकॅड ती प्रत्येक ड्रॉइंग उघडताना आपोआप लोड करतं. सोयीचं आहे, पण ड्रॉइंगच्या फोल्डरमधून त्याच वाटेने पसरणारे व्हायरसही अनेक ऑफिसांनी भोगलेत. २०१४ च्या आवृत्तीपासून सिक्युअरलोडची सोय आली ती याच कारणाने. कटकट नको म्हणून ती बंद करू नका. स्वतःच्या लिस्पचा एक फोल्डर करा, तो ट्रस्टेड पाथमध्ये घाला, आणि रोज लागणाऱ्या फाइली अॅपलोडच्या स्टार्टअप सूटमध्ये ठेवा. कोणी झिप पाठवली आणि तिच्यात ड्रॉइंगसोबत एखादी लिस्प असली, तर ती आधी एडिटरमध्ये वाचा.

आणि ती जुनी फाइल. बदल करण्याआधी तिची तारीख घातलेली प्रत बाजूला ठेवलीत ना? डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि क्षेत्रफळ पी-लाइनने मोजायचं ठरलं, तेव्हा आम्हाला जुन्या लिस्प अशाच एकदम उघडाव्या लागल्या होत्या. कोणता आकडा कशासाठी गुणलाय हे कोणीच कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. तुम्ही घालाल त्या ओळीच्या वर अर्धविराम देऊन तुमचं नाव, तारीख आणि १०.७६४ कुठून आला ते लिहा. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला दोन दिवस कंस मोजावे लागणार नाहीत.

लोकलमधल्या वेळेचं विचारलंत. मोबाइलवर कोड लिहू नका, वाचा. धीमी गाडी असेल तर कोपर ते ठाणे एवढ्यात वीसेक ओळींचं एक फंक्शन आतून बाहेर वाचून होतं. सगळ्यात आतला कंस आधी, त्याचं उत्तर मनात धरायचं, मग त्याच्या बाहेरचा. ऑफिसात गेल्यावर तेच उत्तर यंत्राला विचारायचं.

प्रश्न : ताई, मी कल्याणला बीएससी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एबलसन आणि सस्मन यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक वाचायला घेतलंय. त्यात स्कीम आहे. लॅपटॉप ४ जीबीचा, जुना. ईमॅक्स शिकायची खूप इच्छा आहे. तो लगेच घेऊ की नंतर? आणि लिस्प येऊन पुढं काम मिळतं का?

उत्तर : तुला इच्छा आहे म्हणतेस, तर ईमॅक्स घेच. पण पहिले दोन महिने डॉ. रॅकेट वापर. रॅकेट भाषेसोबत येणारा हा एडिटर खास शिकणाऱ्यांसाठी केलेला आहे. वरच्या अर्ध्या भागात तू व्याख्या लिहायच्या, खालच्या अर्ध्या भागात प्रश्न विचारायचे, आणि चूक झाली तर ती कुठल्या कंसात झाली ते तो लाल करून दाखवतो. त्या पुस्तकासाठी 'एसआयसीपी' नावाचं वेगळं पॅकेजही रॅकेटमध्ये आहे. ते घातलंस की पुस्तकातला कोड जवळजवळ जसाच्या तसा चालतो. १९८५ साली पहिल्यांदा निघालेलं पुस्तक असूनही हे जमतं. पहिल्या प्रकरणातली उदाहरणं तशी चालव, घाई करू नकोस. वर्गमूळ काढायचं फंक्शन आहे तिथं तर रेंगाळच. एकेक अंदाज खालच्या खिडकीत विचार आणि तो उत्तराच्या जवळ कसा सरकतो ते बघ.

मग ईमॅक्स. ४ जीबीत तो मजेत चालतो. पहिल्या दिवशी दुसऱ्या कोणाची तयार सेटिंग्ज उतरवून घेऊ नकोस, चाळीस पॅकेजं येतात आणि काय कशामुळे होतंय ते कळत नाही. नुसता उघड. स्क्रॅच नावाचं एक पान समोर येतं. त्यात (* ७ ६) लिही, कर्सर शेवटच्या कंसानंतर ठेव, कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-ई दाब. खाली ४२ उमटेल. आता तू ईमॅक्सशीच बोललीस, कारण तो स्वतःच बराचसा लिस्पमध्ये लिहिलेला आहे. त्याच पानावरून त्याचा फाँट, कळा, वागणं तू तो चालू असताना बदलू शकतेस. व्हेरिएबलला 'खोली' किंवा 'वर्ग' असं देवनागरी नाव दिलंस तरी त्याला चालतं. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून जोडाक्षरंही नीट दिसतात. कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून देवनागरी इन्स्क्रिप्ट निवडलंस की बाहेरचा कीबोर्ड बदलायलाच नको.

दोन कळा पाठ कर. कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई म्हणजे कर्सरच्या आधीचा कंस चालव. कंट्रोल-ऑल्ट-एक्स म्हणजे मी ज्या व्याख्येत आहे ती सबंध चालव. भाषा बदलली तरी या कळा बदलत नाहीत. रॅकेटसाठी रॅकेट-मोड टाक, कॉमन लिस्पसाठी स्लाइम, क्लोजरसाठी सायडर. सगळीकडे हेच. स्लाइममध्ये पुढं कधी गेलीस तर एक अनुभव मुद्दाम घे. चुकणारं फंक्शन चालव. प्रोग्रॅम मरत नाही, चुकलेल्या जागी थांबून विचारतो की आता काय करू. तू फंक्शन दुरुस्त करायचं, तेवढंच पाठवायचं आणि त्याला सांगायचं, इथूनच पुढं चल. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि झोपलेल्या घरात मला कोणाला तरी उठवून ते दाखवायचं होतं.

कंसांसाठी पॅरएडिट. हा छोटा मोड तुला जोडी मोडूच देत नाही. कंस उघडलास की बंद करणारा आपोआप येतो, आणि बॅकस्पेसने एकटा कंस पुसायला गेलीस तर तो न पुसता ओलांडून जातो. पहिले आठ दिवस कीबोर्ड बिघडला असं वाटेल. सोडू नकोस. कंट्रोल आणि उजवा बाण दाबला की कंस पुढचा शब्द पोटात घेतो, कंट्रोल आणि डावा बाण दाबला की बाहेर काढतो. हे हाताला बसलं की तू अक्षरं सरकवणं सोडून अख्खी वाक्यं सरकवायला लागतेस.

कामाचं म्हणशील तर, पुण्यात सुरू झालेल्या हेल्पशिफ्टने आपल्या सेवेचा मोठा भाग क्लोजरमध्ये उभा केला. बंगळुरातही क्लोजरवर काम करणारी मंडळी आहेत. जागा थोड्या असतात, हे खरं. पण वरच्या प्रश्नातल्या दादांच्या ऑफिसासारखी ऑफिसं ठाणे-कल्याण पट्ट्यात शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्याकडे वाली नसलेल्या लिस्प फाइली पडून आहेत. एखाद्या आर्किटेक्टकडे सुट्टीत जाऊन विचार. पुस्तकात शिकलेली याद्यांची, पुन्हा स्वतःला बोलावणाऱ्या फंक्शनांची विचारपद्धत तिथंही कामी येते, आणि उत्तर आकड्याऐवजी भिंत होऊन समोर उभं राहतं.

एक शेवटचं, कारण पहिल्याच दिवशी तू इथं अडशील. रॅकेट-मोड टाकल्यावर ईमॅक्स म्हणेल, रॅकेट सापडत नाही. ईमॅक्स पुन्हा पुन्हा काढून घालू नकोस. टर्मिनल उघड, नुसतं रॅकेट लिहून एंटर मार. तिथंही सापडलं नाही, तर पाथमध्ये रॅकेटचा फोल्डर घालायचा राहिलाय. तिथं चालतंय आणि ईमॅक्समध्येच नाही, तर ईमॅक्स बंद करून त्याच टर्मिनलमधून पुन्हा चालू करून बघ.